बार भरताना हाक मारू नये

विश्रामभाऊ,

ह्या महिन्याची मॅच झाली. सकाळी साडेसहाला अल मुंतझात त्या करक चहाच्या दुकानासमोर मी सवयीनं गाडी हळू केली, मागच्या दाराचं लॉक उघडलं, आणि मग आठवलं की आज कुणी बसायचं नाहीये. मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न मारला. मी पुढे निघाले.

तुम्ही चतुर्थीला गावी गेलात आणि गणपती पोचवून चौथ्या दिवशी, अंगणात गणपतीवरच्या माटवीची लाकडं सोडवता सोडवता बसलात ते उठलाच नाहीत. कुडाळपर्यंत नेलं, पण उपयोग झाला नाही. हे मला तुमच्या पुतण्यानं कळवलं. बाकी वय, नोकरी, मागे कोण कोण आहे, ते सगळं इथल्या मंडळींचं सांगून झालंय. मला दुसरंच सांगायचंय. तुम्ही असतात तर मला अर्ध्यावरच गप्प केलं असतंत, म्हणून इतके दिवस राहिलं.

तुम्ही शहराबाहेर समैस्माला पहिल्यांदा आलात ते नेमबाज म्हणून नव्हे. तिथला शेतमालक बू राशिद, त्याच्या शेतावरचा पंप बंद पडला होता, आणि कुणाच्या तरी ओळखीनं तुम्हाला सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं. त्याच शेताच्या मागच्या अंगाला, वाळूचा उंच बांध घालून केलेल्या मैदानावर, आम्हा दहा-बारा जणांची महिन्याच्या पहिल्या शुक्रवारची मॅच चालायची. काळ्या दारूच्या बंदुका. वरून दारू ओतायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठासायची, ठिणगीची केप लावायची आणि चाप ओढायचा. अर्ध्या तासात तेरा बार, त्यातले चांगले दहा धरायचे. बंदुका आणि परवाना बू राशिदचा, नियम केनेथचे. केनेथ म्हणजे पाइपलाइनवर आयुष्य काढलेला तो इंग्रज म्हातारा, ज्याच्या मते काळी दारू फक्त त्याच्याच देशात नीट समजते.

त्या दिवशी एका बंदुकीची निपल, म्हणजे केप बसवायचा तो छोटा आटेदार तुकडा, अडकून बसली होती. केनेथ तिच्यावर तासभर कसलंसं महागडं तेल टिपत होता. तुम्ही हात पुसत आलात, थोडा वेळ बघत उभे राहिलात, मग बू राशिदला हिंदीत म्हणालात की साहेब, गरम पाणी मिळेल काय? उकळतं पाणी नळीत ओतलंत, दहा मिनिटं थांबलात आणि पान्यानं एका झटक्यात निपल मोकळी केलीत. वर खोबरेल तेल मागितलंत. केनेथचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

तुमच्याकडे असली बंदूक कुठून, असं मी मराठीत विचारलं तेव्हा तुम्ही दचकलात. इथे आखातातल्या वाळवंटात कुणी बाई बंदूक हातात घेऊन मराठी बोलेल असं वाटलं नसावं. मग म्हणालात की ठासणीची बंदूक आमच्या घरात तीन पिढ्या आहे, शेताच्या राखणीचा परवाना आहे, डुकरं भात ठेवत नाहीत. आणि निवडणूक आली की पोलीसठाण्यात जमा करायची, त्यामुळे घरात बंदुकीपेक्षा तिची पावतीच जास्त दिवस असते. बू राशिदला हे मी भाषांतर करून सांगितलं तर तो इतका हसला की त्यानं तुम्हाला पुढच्या महिन्यापासून यायलाच सांगितलं.

तेव्हापासून आपला प्रवास सुरू झाला. मी अबू हमूरहून निघायची, तुम्हाला मुंतझातून घ्यायची आणि उत्तरेला लागायची. सुरुवातीला माझा नवरा मिलिंद सोबत यायचा. दोन मॅच बघून त्यानं जाहीर केलं की अर्ध्या तासात तेरा वेळा धूर बघण्यासाठी शुक्रवारची झोप घालवणं त्याला परवडत नाही. मग आपण दोघंच. तुम्ही पुढच्या सीटवर कधीच बसला नाहीत. मी रागावले, समजावलं, एकदा तर गाडी सुरूच केली नाही. मला वाटायचं तुम्ही मला मॅडम समजून मागे बसता आणि मला ते आवडायचं नाही. शेवटी म्हणालात, "पुढे बसलंय काय माझो पाय आपोआप ब्रेक दाबता. तुझी गाडी बघून माका घाम फुटता." हे खरं कारण होतं की माझी समजूत काढलीत, ह्यावर आपला वाद कधी मिटला नाही. पण त्याच दिवशी तुम्ही मला मॅडम म्हणायचं सोडलंत आणि घरच्यासारखं बाय म्हणायला लागलात.

वाटेत दर महिन्याला काहीतरी नवीन उभं राहिलेलं असायचं. तुम्ही स्टेडियमच्या छतावर फिटर होतात, त्यामुळे रस्त्यावरून दिसणाऱ्या प्रत्येक सांगाड्यावर तुमचं मत असायचं. हा जोड बरा नाही, तो बरा आहे. वर्ल्ड कपचे सामने कोण जिंकेल ह्यात तुम्हाला काडीचा रस नव्हता. तुमचं म्हणणं एवढंच, की त्या छताखाली माणसं बसतील तेव्हा त्यांनी एकदा वर बघावं. माझ्या मुलीला तुम्ही हेच सांगितलंत, आणि ती इंग्रजीत म्हणाली की वर कोण बघतं, काका, सगळे बॉलकडे बघतात. तुम्हाला तिचं उत्तर कळलं की नाही कोण जाणे. हसलात मात्र खूप.

बंदूक भरताना तुम्ही वेगळेच माणूस व्हायचात. एरवी तोंड बंद नसायचं, पण दारूचं माप हातात घेतलंत की गप्प. ठासायचा गज नळीत टाकून गोळी बसली की नाही हे तुम्ही कानानं ओळखायचात. गज सोडला आणि तो ठण्ण करून वर उसळला की गोळी नीट बसली. त्यासाठी भरताना तुम्ही एका कानातला बोळा काढून ठेवायचात आणि केनेथ दर वेळी त्यावरून ओरडायचा. गजावर तुम्ही चाकूनं दोन खुणा केल्या होत्या. नळी रिकामी असेल तर गज इथपर्यंत जातो, एक बार भरलेला असेल तर इथपर्यंत राहतो. नंतर बू राशिदनं सगळ्यांच्या गजांवर तशा खुणा करून घेतल्या. आणि तुमच्या गावचा रिवाज तुम्ही आल्या आल्याच सांगितला होता, की बार भरणाऱ्याला हाक मारायची नाही. घराला आग लागली तरी आधी त्याचा बार भरून होऊ द्यायचा. केनेथच्या नियमातही तेच होतं, फक्त लांबलचक शब्दांत: कुणी बोललं तर नळी पूर्ण रिकामी करायची आणि पहिल्यापासून भरायला घ्यायचं. तुम्हा दोघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत मी रेंज ऑफिसर होऊन तीन महिने झाले होते. लाल पट्टा दंडाला बांधून रांगेमागे उभं राहायचं, सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवायची. क्लबात मी एकटीच बाई, त्यामुळे त्या पट्ट्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. तुमचं छताचं काम संपत आलं होतं आणि कंपनी माणसं परत पाठवत होती. तुमच्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मी आमच्या कूलिंग प्लांटच्या मेंटेनन्स मॅनेजरच्या मागे लागून तुमच्यासाठी जागा काढली होती, पण नोकरी बदलायला लागणारी तुमच्या कंपनीची परवानगी, म्हणजे रिलीज, मिळत नव्हता. तीन आठवडे तुम्ही रोज फोन करून मला एकच प्रश्न विचारत होतात, आणि तोही अगदी सहज विचारल्यासारखा.

मॅच चालू असताना माझ्या फोनवर मेसेज आला. रिलीज मिळाला.

मला राहवलं नाही. मी दोन पावलं पुढे आले आणि तुमच्या मागे उभी राहून म्हणाले, "भाऊ, रिलीज झाला." तुम्ही वळून माझ्याकडे बघितलंत. तुमच्या हातात दारूचं माप होतं. ते रिकामं होतं, म्हणजे दारू नळीत गेलेली होती, हे मला आता दिसतं. तेव्हा मी फक्त तुमचा चेहरा बघत होते. पुन्हा वळलात, माप भरलंत आणि ओतलंत. गोळी ठासलीत. गजाची खूण तुम्ही बघितली नाहीत आणि मी, जिचं तेच काम होतं, तिनंही बघितली नाही. नळी रिकामी करा, पहिल्यापासून भरा, हे पाच शब्द मी म्हणायला हवे होते.

बार उडाला तो आवाज सगळ्यांना वेगळा वाटला. बंदूक तुमच्या खांद्यातून उसळली, लाकडी दस्ता त्याच्या बारीक मानेशी तडकला, तुमच्या गालाचं हाड फुटता फुटता राहिलं. धूर विरेपर्यंत कुणी हललं नाही. ती बंदूक बू राशिदच्या आजोबांची होती. तो आला, तडकलेल्या दस्त्यावरून बोट फिरवलं, म्हणाला, "खलास, आज मॅच बंद." मग विचारलं की काय झालं.

सगळ्यांच्या कानांत बोळे होते आणि मी मराठीत बोलले होते. तुमच्या एका उघड्या कानाशिवाय ते कुणी ऐकलंच नव्हतं. तुम्ही गालावर हात धरून म्हणालात, "मेरा गलती, साहेब. दो दफा पावडर डाला. ध्यान नहीं रहा." मी तोंड उघडलं तर तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत. इतकीशी. ती मान मला सोयीची होती. मी तोंड मिटलं. मग नियमाप्रमाणे मॅचच्या वहीत मीच, माझ्या अक्षरात, शेरा लिहिला: दुहेरी बार, चूक नेमबाजाची. खाली सही केली. सही करताना हात थरथरला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण तो थरथरला नव्हता.

परतताना गाडीत मी म्हटलं की मी उद्याच त्यांना सांगते. तुम्ही मागून म्हणालात, "बाये, चांगली बातमी बार भरताना सांगूची नाय. बार उडल्यार सांगूची." आणि हसलात, गाल दुखत असूनही. एवढंच. मी पुन्हा विषय काढला तर म्हणालात खलास, आणि मुलीला फोन लावलात. तुमच्या आवाजातला आनंद ऐकत मी गाडी चालवत होते आणि मला वाटलं, जाऊ दे, तुम्हाला ह्याचं फार काही वाटत नाहीये. माणूस स्वतःला किती पटकन समजावतो ते मला त्या चाळीस मिनिटांत कळलं.

दुहेरी बाराला क्लबची शिक्षा ठरलेली होती: बारा महिने रांगेवर पाय ठेवायचा नाही. तुम्ही येणं सोडाल असं सगळ्यांना वाटलं. तुम्ही प्रत्येक मॅचला आलात. सावलीतल्या बाकावर बसून सगळ्यांसाठी शिसं वितळवून गोळ्या ओतायचात, चिंध्या कापायचात, मॅच संपली की बंदुका गरम पाण्यानं धुवायचात. तडकलेला दस्ता तुम्हीच पितळी पट्टी मारून सांधलात. डिसेंबरात मस्कतची मंडळी दोस्तीची मॅच खेळायला आली तेव्हा आमच्याकडून पहिलं नाव तुमचंच असायला हवं होतं. ती जागा मला दिली. तुमच्या हातच्या गोळ्या, तुम्ही सांधलेली बंदूक, तुमची लेन. मी बरी खेळले, फार बरी. टाळ्या पडल्या आणि त्यात तुमची सर्वात मोठी होती. भाऊ, त्या टाळीसाठी मी तुमच्यावर मनातून रागावले होते. तुम्ही थोडं तोंड वाकडं केलं असतंत तर माझं ओझं हलकं झालं असतं.

पण मला जे खरंच सोसलं नाही ते नंतरचं. यंदाच्या फेब्रुवारीत तुम्ही रांगेवर परत आलात. प्रत्येक बाराला केनेथ मुद्दाम तुमच्या लेनपाशी यायचा, गज नळीत टाकायला लावायचा आणि वाकून खूण बघायचा. ज्या खुणा त्याला तुम्ही शिकवल्या होत्या, त्याच. तो वाईट माणूस नाही, त्याला काळजी होती. तुम्ही गज टाकायचात आणि बाजूला होऊन उभे राहायचात, गृहपाठ दाखवणाऱ्या पोरासारखे. तीन मॅच हे चाललं, एकोणचाळीस बार. मी लाल पट्टा बांधून मागे उभी होते. दर वेळी ठरवायचे की आज बोलायचं, आणि दर वेळी मॅच संपल्यावर तुम्ही माझ्याकडे बघून यल्ला, म्हणजे चला, म्हणायचात आणि गाडीकडे चालू लागायचात. मग उन्हाळा आला, मॅचेस थांबल्या, मेट्रो सुरू झाली. तुम्ही म्हणालात की आता मुंतझातून मेट्रोनं लांबपर्यंत येता येईल, बायेला वळसा नको. मी म्हटलं, मेट्रोत तरी पुढे बसाल काय? मग तुम्ही चतुर्थीला गेलात.

तर परवाची मॅच. बार सुरू होण्याआधी सगळे तुमच्यासाठी उभे राहिले. केनेथ बोलला. त्यानं गरम पाण्याची गोष्ट सांगितली, स्वतःवर हसला, आणि शेवटी म्हणाला की विश्रामच्या हातून आयुष्यात एकच चूक झाली आणि त्यानं ती मर्दासारखी कबूल केली. सगळ्यांनी माना हलवल्या. मला ते ऐकून उभं राहवेना. तुमच्या नावापुढे कायमचं ते एकच वाक्य राहणार होतं, चांगल्या शब्दांत गुंडाळलेलं, आणि ते मी लिहिलं होतं.

मी सांगितलं. आधी इंग्रजीत, मग बू राशिदसाठी हिंदीत. मेसेज, दोन पावलं, तुमच्या पाठीशी बोललेले तीन शब्द, तुमची हललेली मान, वहीतला शेरा. सगळं सांगून झालं. केनेथ खाली बघत होता. म्हणाला, "मी त्याचा गज एकोणचाळीस वेळा तपासला." त्यानंही मोजले होते, भाऊ.

बू राशिदनं रागावून काही म्हटलं नाही. त्यानं विचारलं, "अब माफी किससे माँगेगा?" मग त्यानं वही आणायला सांगितली. मी तो शेरा खोडला, वर लिहिलं की चूक रेंज ऑफिसरची, आणि खाली पुन्हा सही केली. लाल पट्टा सोडून केनेथच्या हातात दिला. नियम सगळ्यांना सारखा, बारा महिने. मी बाकावर जाऊन बसले. गोळ्या ओतायला मला येत नाहीत. पहिल्या सात बिघडल्या, एका बाजूला पोकळ. तुम्ही त्या परत वितळवायला लावल्या असत्या.

घरी आल्यावर वहिनींना फोन केला. त्यांना तुमच्या नावावरचा डाग धुतला गेल्याचं सांगावं, निदान माफी तरी त्यांच्याकडे मागावी म्हणून. अंगणात कोंबड्यांचा आवाज येत होता. मी अडखळत सुरुवात केली, की दीड वर्षापूर्वी भाऊंच्या हातून बंदुकीत दोनदा दारू पडली ती माझ्यामुळे. त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या. "ह्येनी त्याच दिवशी फोन केल्यानी. म्हणाले, बायेन रिलीजची बातमी सांगल्यान आणि माका कायच सुचूक नाय, दोन बार भरलंय. हसत होते नुसते. सगळ्या वाडीक सांगल्यानी. माका म्हणाले, बायेक कायएक बोला नको, ती रडत बसतली."

मी रडत बसलेच होते. वहिनी हळूच म्हणाल्या, पोरीला ओरोसच्या हॉस्पिटलात नोकरी लागलीय, पहिली ड्युटी सोमवारपासून आहे.

म्हणजे भाऊ, तुमच्या वाडीत ती तुमच्या चुकीची गोष्ट नव्हतीच कधी. नोकरी टिकली त्या दिवसाची गोष्ट होती, आणि त्यात मीही होते, चांगली बातमी आणणारी. दीड वर्षं तुम्ही मला तिकडे असं ठेवलंत. मी तुम्हाला इकडे वहीत कसं ठेवलं होतं ते तुम्ही दर मॅचला बघत होतात. माझं चुकलं. हे मी तुम्हाला समोर म्हणायला हवं होतं, तुम्ही खलास म्हणालात तरी.